रिकाम्या सज्ज्याचं वजन

शुक्रवारी दुपारी पावणेबारा वाजले की वातुरेजोचं नवं फुटबॉल स्टेडियम रिकामं व्हायचं. गवंडी, वेल्डर, रंगारी, हिरवळ लावणारे, सगळे नळावर हातपाय धुऊन, पिशवीतला सारोंग कमरेला गुंडाळून जुम्म्याच्या नमाजाला निघायचे. क्रेन थांबायची, मिक्सर थांबायचा, आणि आठवडाभर कानाला चिकटलेली घरघर एकदम गळून पडायची. एवढ्या मोठ्या आवारात तासभर इंजिनियर पालुपी एकटी उरायची. सगळ्या पुरुषांत एकटी बाई असण्याचा हा एवढाच फायदा, असं ती म्हणे. तिला शांतता लागायची, कारण तिचं काम छोट्या डब्या चिकटवून बांधकामाची थरथर मोजण्याचं होतं.

तिची स्वतःची थरथर हा आवारातला जुना विनोद होता. मागे फळी पडली तरी ती दचकायची, फोन वाजला तरी दचकायची.

"त्या डब्या तुमच्याच मनगटाला बांधा, म्बाक," रखवालदार पाक तुकिमिन जिन्याची किल्ली तिच्या हातात ठेवत म्हणाले. इथे ताईला म्बाक म्हणत, दादाला मास आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पाक. "सज्जा हलो न हलो, आकडा नक्की येईल."

"तुम्ही निघा, पाक. उशीर झाला तर उन्हात चटईवर बसावं लागेल."

"तीस वर्षं या मैदानाच्या उन्हातच बसलोय." ते हसले आणि पाय ओढत गेले. इथे नुसतं मोकळं मैदान आणि बांबूची बाकं होती तेव्हापासून ते इथले रखवालदार होते.

पालुपी जिना चढून वर गेली. पूर्वेचा वरचा सज्जा म्हणजे या स्टेडियमचा दिमाख. पुढे एकही खांब नाही. मागच्या भिंतीतून निघून तो खालच्या रांगांवर तसाच अधांतरी आलेला. टेबलाच्या कडेला पट्टी दाबून धरावी आणि पुढच्या टोकाला टिचकी मारावी, तशी त्याची जात. पट्टीला आपला एक ठोका असतो. टोकावर खोडरबर ठेवला की ती जड होते आणि ठोका मंदावतो. सज्ज्याचंही तेच. रिकामा असताना त्याचा ठोका सेकंदाला ४.१० होता. माणसं भरली की तो खाली येणार. किती खाली, यावरून किती माणसं, हे पालुपी कागदावर मांडून सांगू शकत असे.

आणि हल्ली तिला झोप लागत नव्हती ती याच कारणाने. नकाशात सज्ज्यावर चोवीसशे खुर्च्या होत्या. पण वातुरेजोत सामना कोणी बसून पाहत नाही. पोरं खुर्च्यांवर उभी राहणार, खुर्च्या मोडणार, म्हणून स्टेडियमच्या समितीने काटकसर केली. सगळ्या खुर्च्या उपटल्या आणि पाहुण्यांच्या बाजूला नेऊन लावल्या. उरल्या मोकळ्या पायऱ्या. तिथे आता चार हजारांवर माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहणार होता, आणि ढोलाच्या तालावर सगळा एकदम उडी मारणार होता. या उड्यांचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता. पहिला सामना नऊ दिवसांवर आला होता, आणि सज्जा उघडायच्या दाखल्यावर आधी पालुपीची सही लागणार होती, मग तिच्या साहेबांची.

तिने सहा डब्या ठरलेल्या जागी चिकटवल्या, वायरी ओढल्या आणि जिन्याच्या पायथ्याशी सावलीत लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर आकडा आला. ४.१०. केळीच्या पानात बांधलेला भात उघडून तिने पहिला घास घेतला. मशिदीच्या कर्ण्यावरून प्रवचन सुरू झालं होतं. रखरखीत, एकसुरी, झोप आणणारं.

दुसऱ्या घासाला आकडा ४.०९ झाला.

वारा असेल. तिने वर पाहिलं. वारा नव्हता. नारळीचं पानही हलत नव्हतं. ४.०७. ४.०२. आकडा उतरत गेला, अगदी सावकाश, कुठे घाई नाही. सहा डब्यांत आधी जिन्याजवळच्या दोन बदलल्या, मग मधल्या, मग कडेच्या. माणसं असंच भरतात. जिन्यातून येतात, मधे गर्दी होते, मग कडेला सरकतात.

सव्वाबाराला आकडा ३.३० वर येऊन थांबला.

पालुपीने भाताचं पान बाजूला ठेवलं. वर जायला हवं होतं. ती जागीच बसून राहिली. सज्ज्याच्या पोटाखालून तिला पुढची कड दिसत होती, कठडा दिसत होता, कठड्यावर वाळत टाकलेलं कोणाचं तरी फडकं दिसत होतं. बाकी आभाळ. मग पडद्यावरची रेघ उड्या घेऊ लागली. सेकंदाला दोन, एका लयीत, जणू कुणी ढोल वाजवतंय. फडकं लयीत हलत होतं. आवाज मात्र कसलाच नव्हता.

एकोणीस मिनिटं हे चाललं. बारा वाजून चौतीस मिनिटांनी रेघ सपाट झाली आणि आकडा एका दमात ४.१० झाला.

भरायला वेळ लागला होता. रिकामं व्हायला क्षणही लागला नाही.

*

"डब्या बदल," पाक हार्योनो म्हणाले.

ते तिचे साहेब. निवृत्तीला पाच महिने उरलेले. फाटकासमोरच्या टपरीवर काळ्या कॉफीत साखर ढवळत ते बसले होते, आणि ढवळण्याचाही त्यांना कंटाळा आलेला दिसत होता. शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी.

"सहाच्या सहा एकदम बिघडत नाहीत, पाक."

"मग वायर असेल. लॅपटॉप असेल. न्दुक, मी काल रात्री अकरापर्यंत जिल्हाप्रमुखांच्या ऑफिसात होतो. झालर कुठल्या रंगाची लावायची यावर दोन तास." न्दुक म्हणजे लेक. ते तिला पहिल्या दिवसापासून तसंच म्हणत. "मला यंत्राबद्दल काहीतरी सांग. माणसांबद्दल नको."

तेवढ्यात गांदुंग आला. समर्थकांच्या टोळीचा म्होरक्या तो. घसा कायम बसलेला, कारण सामन्यात मैदानाकडे पाठ करून तो नव्वद मिनिटं नुसता ओरडायचा.

"म्बाक, आमचा सज्जा कधी देताय?"

"मोजणी चाललीय, मास."

"कसली मोजणी? माझी पोरं आणतो, सगळे मिळून नाचतो. टिकला तर सही करा, पडला तर करू नका." टपरीवरचे हसले. गांदुंग तिच्याकडे वाकला. "घाबरता कशाला एवढं? माझी आठ वर्षांची मुलगी वर उभी राहणार आहे, खांद्यावर माझ्या. तिला भीती नाही वाटत."

पालुपी हसली नाही. पाक हार्योनोही हसले नाहीत. गांदुंग गेल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"खुर्च्या काढायला मी नको म्हणायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी दमलो होतो. होकार देणं सोपं पडलं."

*

पुढच्या शुक्रवारी नव्या डब्या, नव्या वायरी. या वेळी पालुपी पायथ्याशी बसली नाही. खालून भीती वाटते, वर बसलं तर निदान दिसेल तरी, असं तिने स्वतःला समजावलं. मधल्या रांगेत पायरीवर ती टेकली, लॅपटॉप मांडीवर, पाण्याची बाटली शेजारी. समोर रिकामं मैदान उन्हात पांढरं पडलेलं. सिमेंट इतकं तापलं होतं की खाली पुठ्ठा घ्यावा लागला.

कर्ण्यावर प्रवचन सुरू झालं. आकडा उतरू लागला.

तिला काही दिसलं नाही. हे ती नंतर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली, दिसलं काहीच नाही. वास मात्र आला. आधी लवंगी सिगारेटचा, मग घामाचा, तळलेल्या सोयाबीनच्या तेंपेचा, धुऊन नीट न वाळलेल्या कपड्यांचा. तळपायाखाली सिमेंट हलकेच गुणगुणत होतं. आकड्यावरून तिची नजर हटत नव्हती. ३.८०. ३.६०. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण गुडघे एका बाजूला घेतलेत. रांगेतून कोणी पुढे जात असलं की आपण घेतो तसे. तिने घेतले नव्हते. म्हणजे तिनेच घेतले होते, पण विचार न करता, सवयीने, कोणाला तरी वाट द्यायला.

ती पाय पुन्हा सरळ करेना. थोड्या वेळाने लॅपटॉप छातीशी आला. मग कोपरं अंगाशी आली. मग पुठ्ठ्याच्या अर्ध्या भागावर ती सरकून बसली होती आणि उरलेला अर्धा भाग मोकळा होता.

"सॉरी..." ती पुटपुटली. कोणाला, ते तिला माहीत नव्हतं.

मग उड्या. ढोल नाही, गाणं नाही, पण बाटलीतलं पाणी सेकंदाला दोनदा उसळत होतं आणि तिचे दात त्याच तालावर एकमेकांवर आपटत होते. उठून पळावं असं वाटत होतं आणि उठायला जागा नव्हती. तिने डोळे मिटले आणि मिनिटं मोजली. सतरा. अठरा...

सज्जा वर आला. बोटभरही नसेल. मोठं ओझं टाकल्यावर हमालाची पाठ जशी आपोआप वर येते तसा. बाटली आडवी झाली. वास गेला. कर्ण्यावरचा इमामांचा आवाज पुन्हा ऐकू आला, तेव्हा तिला कळलं की मधे तोही ऐकू येत नव्हता.

नमाज संपवून पाक तुकिमिन परतले तेव्हा ती फाटकाशी उकिडवी बसली होती. त्यांनी न विचारता गोड चहाचा ग्लास पुढे केला.

"पाक, इथे पूर्वी काही झालं होतं का? स्मशान वगैरे? कोणी मेलं होतं?"

म्हाताऱ्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे दिसत होतं. "नाही हो. आधी भातशेती, मग मैदान. एकदा एका रेफ्रीचा पाय मोडला होता. मेलं कोणी नाही."

"नक्की?"

"तीस वर्षांचं सांगतो, म्बाक. इथे अजून काहीच झालेलं नाही."

ते शब्द ऐकून पालुपीने ग्लास खाली ठेवला. चहा तिला पिववला नाही.

*

त्याच संध्याकाळी तिने सही करायला नकार दिला. भुताखेताचं नाव काढलं नाही. चोवीसशेच्या जागी चार हजार, बसलेल्यांच्या जागी उड्या मारणारे, एवढंच कागदावर मांडलं. खालच्या रांगाही मोकळ्या ठेवा म्हणाली.

"रविवारी सामना आहे," पाक हार्योनो म्हणाले. "मला दुसरा इंजिनियर आणता येतो, माहीतेय ना? अर्ध्या तासात सही करेल असा."

"माहीतेय."

"भांडत का नाहीस मग?"

"ताकद नाही, पाक. पण सही करणार नाही."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझ्यातही दुसरा माणूस शोधायची ताकद नाही," ते म्हणाले. "बंद ठेवू. शिव्या मी खातो."

रविवारी पूर्वेची बाजू कुलूपबंद राहिली. गांदुंगची टोळी दक्षिणेला गेली आणि जाता जाता जिन्याच्या फाटकावर एक लहान मुलाचं दुपटं बांधून गेली, खास भित्र्या पालुपीसाठी. ती, पाक हार्योनो आणि पाक तुकिमिन मागच्या बाजूला, फाटकाबाहेर, प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसले. साहेबांनी आकडा आजवर स्वतः पाहिला नव्हता. साडेतीनला सामना सुरू व्हायचा होता. तीनपासून सज्जा भरू लागला.

पाक हार्योनोंनी विचारलं नाही की ही वायर आहे का. ते पाहत राहिले. कुलूप जागच्या जागी, किल्ली तुकिमिनच्या कमरेला. आकडा ३.३० ला टेकला आणि दक्षिणेकडून ढोल सुरू झाला, तशी पडद्यावरची रेघ त्याच्या तालावर उडू लागली. वरून त्यांच्या डोक्यावर सिमेंटची बारीक धूळ पडत होती.

"किती मिनिटांनी रिकामा होतो?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एकोणीस..."

अठराव्या मिनिटाला गोल झाला. सगळं स्टेडियम एका आवाजाचं झालं. पालुपीने स्टुलाची कड पकडली. एकोणीस. वीस. एकवीस. रेघ उडत राहिली. सज्जा करकरला, एकदा, लांब, ओल्या लाकडासारखा, आणि सावरला. पन्नास. नव्वद. शिट्टी झाली, आणि आकडा एका दमात वर गेला नाही. ३.३१ झाला. ३.३४ झाला.

"उतरतायत," पाक हार्योनो म्हणाले.

पाक तुकिमिन उठले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दुपटं सोडून घडी घातली, फाटक पूर्ण मागे लोटलं आणि बाजूला झाले. बाकीचे दोघंही स्टुलं उचलून भिंतीला लागून उभे राहिले. पाऊण तास तिघं तसेच उभे होते. लवंगी सिगारेट, घाम, तेंपे, दमट कपडे. म्हातारा मान किंचित खाली घालून उभा होता, लग्नघराच्या दारात यजमान उभा राहतो तसा.

अंधार पडायच्या सुमाराला वास थांबला. आकडाही थांबला. ४.०५.

त्यांनी आणखी तासभर वाट पाहिली. ४.०५.

"न्दुक," पाक हार्योनो म्हणाले, "रिकामा सज्जा पहिल्यापेक्षा मंद का वाजतो?"

"एक तर आत काहीतरी तडकलंय म्हणून. ताकद कमी झालीय."

"नाहीतर?"

पट्टीच्या टोकावरचा खोडरबर सगळा उतरला नव्हता. ते तिला शिकवणारे होते. त्यांना ठाऊक होतं.

*

सोमवारपासून गुरुवारपर्यंत त्यांनी तडा शोधला. पालुपीने इतक्या आशेने आजवर काहीच शोधलं नव्हतं. एकेक तुळई घासून स्वच्छ केली, एकेक जोड रंग लावून भिंगाखाली पाहिला, एकेक बोल्ट पाना लावून तपासला. मागच्या भिंतीत, जिथे सज्ज्याचं सगळं बळ अडकलेलं होतं, तिथे दोघं पोटावर झोपून आत शिरले. काही नव्हतं. केसाएवढी रेघ नव्हती. सज्जा नव्या भांड्यासारखा धड होता.

रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी ती आकडा घेत होती. ४.०५.

जिल्हाप्रमुखांच्या ऑफिसातून फोन येत होते. दोष सापडला नाही ना, मग पुढच्या रविवारी उघडा. गांदुंगने निरोप पाठवला होता की मुलगी रोज विचारते.

शनिवारी सकाळी ती दाखल्याचा कागद घेऊन बसली. 'मोजणीच्या वेळी सज्ज्यावर असलेली माणसं' असा त्यात एक रकाना असतो. आजवर प्रत्येक वेळी तिने तिथे शून्य लिहिलं होतं. ४.०५ म्हणजे वर किती माणसं उरली, हा हिशेब तिने पुन्हा मांडला, तिसऱ्यांदा उत्तर तेच आलं. मग रकान्यात लिहिलं, 'सुमारे १८७'. खाली लिहिलं, 'सज्जा वापरास अयोग्य. उतरवून काढावा.' सही केली. हात कापला नाही, याचं तिला नवल वाटलं.

पाक हार्योनोंनी कागद घेतला. हसतील, फाडतील, सुट्टीवर पाठवतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी तो दोनदा वाचला. खिशातून पेन काढलं आणि 'सुमारे' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला.

"पाक?"

"काल दुपारी मी वर जाऊन मोजत बसलो होतो," ते म्हणाले. "नमाज चुकवून. आयुष्यात पहिल्यांदा."

तिने खुर्ची पुढे ओढली. त्यांचा चेहरा एका रात्रीत म्हातारा झाला होता.

त्यांनी तिच्या सहीखाली आपली सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"त्यांत लहान मुलं पण आहेत," ते म्हणाले, आणि गोळ्यांची पुडी शोधू लागले.